दीडशे वर्षांचं भोक

८ सप्टेंबर

चि. टिल्लू,

आशीर्वाद घे, मग पुढचं वाच.

पोचले. विमानतळावर एका धिप्पाड माणसाने माझी सुईपेटी उघडायला लावली आणि त्रेसष्टच्या त्रेसष्ट सुया मोजल्या. त्याच्या स्वतःच्या बाहीचं कोपर विरलं होतं. मी नुसतं बोट दाखवलं, तर गडी असा भडकला की आणखी तासभर बसवून ठेवलं. आपलं फाटलेलं दुसऱ्याने बघितलेलं कुणालाच आवडत नाही, हे तुला दुकानात पहिल्या दिवशी शिकवलं होतं आणि स्वतःच विसरले.

मी पत्रंच लिहीन, फोन करणार नाही. फोन किराणावाल्याकडे आहे, आणि तिथे मी काही बोलले की संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीला माझं पोट साफ झालं की नाही तेसुद्धा कळतं. शिवाय फोनवर तू "बरं बरं" म्हणतोस आणि रिसीव्हर ठेवायच्या आत विसरतोस. कागद भिंतीला टाचता येतो.

खोली बरी आहे. पलंग, टेबल, खिडकी, आणि भिंतीतून गेलेला गरम पाण्याचा नळ, तो पहाटे ठोके देतो. न्हाणीघर चौघींत एक. बाकीच्या तिघी विशीतल्या. त्यांतल्या एकीने पहिल्याच दिवशी विचारलं, तुमची मुलगी कुठल्या खोलीत आहे? मी म्हटलं, मुलगी नाही, मीच आहे. त्यावर तिने मला बसायला खुर्ची दिली. बावन्नाव्या वर्षी विद्यार्थिनी व्हायचं म्हणजे हे असं.

आमचा विभाग जुन्या कापडांचा. ती चष्मेवाली बाई आठवते ना, दोन वर्षांपूर्वी आपल्या दुकानात आली होती, शालीवरचा माझा रफू भिंग लावून अर्धा तास शोधत बसली आणि सापडेना म्हणून मलाच इकडे शिकायला बोलावलं? तीच आमची मुख्य. तिच्या हाताखाली दोन प्राध्यापक आहेत, ते एकमेकांशी बोलत नाहीत. शिकवणं असं, की कापडाला हात लावायच्या आधी हातमोजे घालायचे. हातमोजे घातले तरी हात लावायचा नाही. बघायचं. बघून झालं की लिहायचं. आठवडा झाला, अजून कुणी सुईत दोरा ओवलेला नाही. काल एका टॉवेलाएवढ्या फडक्यावर दोन तास व्याख्यान झालं आणि शेवटी ते फडकं तसंच फाटकं कपाटात गेलं. आपल्याकडे असं केलं असतं तर गिऱ्हाईकाने पायताण काढलं असतं.

निघताना तुझे बाबा विचारत होते, या वयात ही पदविका कुणाला दाखवायची आहे? त्यांना उत्तर दिलं नाही, तुला देते. बावीस वर्षं मी रफू केला. आपलं काम कुणाला दिसू नये यातच त्याची सगळी अक्कल. जितकं चांगलं केलं, तितकं कुणाला कळलं नाही. एकदा तरी कुठल्या कागदावर माझं नाव यावं असं वाटतं. हसायचं तर हस. वर्षभर इथे टिकले की मिळेल.

दुकान तुझ्या हवाली करून आले आहे. तीस वर्षांचा घोडा झालास, दहा वाजता तरी उघड. आणि वकिलांच्या काळ्या कोटाला हात लावू नकोस. काळ्यावर काळा धागा तुला अजून बसवता येत नाही.

तुझी आत्या

◆

२४ सप्टेंबर

ती. आत्या,

साष्टांग नमस्कार. गुडघा दुखतोय म्हणून मनातल्या मनात घातला आहे.

पत्र मिळालं, भिंतीला टाचलं. दुकान उत्तम चाललं आहे. तू गेल्यापासून एकही गिऱ्हाईक तक्रार घेऊन परत आलेलं नाही. शेजारचे शिंपीकाका रोज सकाळी डोकावतात, माझं काम बघतात आणि मान हलवून निघून जातात. पण ते कशाकडेही बघून मान हलवतात, तू मनावर घेऊ नकोस.

वकिलांच्या कोटाची चिंता सोड. तो आता दुकानात नाही. ते स्वतः येऊन घेऊन गेले. जाताना बरंच बोलले.

तू तिथे काय शिकतेस ते मला नीट समजलं नाही. बघायचं आणि लिहायचं, एवढ्यासाठी विमानाने जायचं? मी दुकानात बसून दिवसभर समोरच्या रस्त्याकडे बघतो, मला कुणी पदविका देईना. आई विचारते, थंडी किती आहे? बाबा काही विचारत नाहीत, पण तुझं पत्र आलं की चष्मा शोधायला लागतात.

एक शंका आहे. भोक बघून ते कशाने पडलं हे तू एका नजरेत सांगायचीस, ते मला जमत नाही. परवा एक बाई स्वेटर घेऊन आल्या. मी म्हटलं, कसर लागली आहे. त्या म्हणाल्या, कसर नाही, यांची सिगारेट लागली आहे, आणि यांनी ती सोडली आहे असं मला वाटत होतं. हे शेजारीच उभे होते. दोघं माझ्या दुकानात अर्धा तास भांडले आणि स्वेटर घेऊन गेले. हे टाळता आलं असतं तर बरं झालं असतं. काही युक्ती असेल तर कळव.

तुझा टिल्लू

◆

११ ऑक्टोबर

चि. टिल्लू,

आशीर्वाद. सिगारेटचं भोक आणि कसरीचं भोक यांतला फरक तुला कळत नाही हे वाचून मी इथे परक्या देशात कपाळावर हात मारून घेतला. मूर्खा, भोक बघायचं नसतं, धाग्याचं टोक बघायचं. कसरीने खाल्लेलं टोक कुरतडलेलं, ओबडधोबड. जळलेलं टोक काळं आणि कडक. खिळ्यात अडकून फाटलं तर टोक पिंजलेलं. कातरीचं सरळ. भोक आपणहून सगळं सांगतं, तू मध्ये बोलू नकोस म्हणजे झालं.

आता माझं ऐक. शुक्रवारी आम्हा प्रत्येकाला एकेक जुना कपडा दिला, या सहामाहीपुरता. माझ्या वाट्याला आला दीडशे वर्षांपूर्वीचा करड्या लोकरीचा कोट. इथल्या कुठल्याशा बंडातल्या पुढाऱ्याचा आहे म्हणे. पुढारी अंगाने काटकुळा असावा. डाव्या छातीवर नाण्याएवढं भोक. चष्मेवालीने कोट माझ्यापुढे टेबलावर पसरला, भोकापाशी बोट नेलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, हा तुमच्यासाठी मुद्दाम ठेवला होता. पुढे बरंच बोलली, भोकावर इतकी पानं लिहा, तितकी लिहा. पण बावीस वर्षांत एक तरी गिऱ्हाईक तोंडाने "रफू करा" म्हणालं आहे का? कोट पसरतात, भोकात बोट घालतात आणि आपल्या तोंडाकडे बघतात. एवढ्यावर कळलं नाही तर दुकान उघडावं कशाला?

शनिवार-रविवार कामाची खोली दिवसभर उघडी असते आणि मुलं सगळी फिरायला जातात. मी बसले. आधी खिसे झटकून घेतले, ब्रश मारला, आपल्याकडे कोट आला की पहिलं काम तेच. धूळ अशी की सात वेळा शिंकले. मग कोटाच्याच आतल्या शिवणीतून धागे काढले, भोकाची कड कातरून साफ केली आणि दोन दिवसांत बुजवलं. हातमोजे काढून ठेवले होते, कुणाला बोलू नकोस. टिल्लू, असा रफू माझ्या हातून आजवर झाला नव्हता. आज दुपारी खिडकीत धरून बघितला, तर माझा मलाच सापडेना.

कातरलेली टोकं फेकली नाहीत. तुझ्या शिक्षणासाठी या पत्राच्या शेवटच्या पानावर खाली डिंकाने चिकटवली आहेत. नीट बघ आणि हे भोक कशाने पडलं असेल ते कळव. उत्तर मी सांगणार नाही.

उद्या सोमवारी कोट दाखवते. चष्मेवालीची बोबडी वळेल.

तुझी आत्या

◆

१६ ऑक्टोबर

टिल्लू,

अकरा तारखेचं पत्र मिळालं की त्याचं शेवटचं पान, ज्याला धाग्यांची टोकं चिकटवली आहेत, ते जसंच्या तसं पाकिटात घालून परत पाठव. टोकांना हात लावू नकोस. फुंकरसुद्धा नको.

बोबडी वळली. आधी तिची, मग माझी.

त्या कोटात बघण्यासारखं फक्त ते भोकच होतं. दोन प्राध्यापक एकमेकांशी बोलत नाहीत असं लिहिलं होतं ना, ते या भोकावरून बोलत नाहीत. एक म्हणतो, गोळी लागली, पुढारी लढता लढता पडला. दुसरा म्हणतो, कसर लागली, पुढारी म्हातारा होऊन अंथरुणात गेला आणि कोट पेटीत पडून राहिला. गोळीवाल्याने यावर जाडजूड ग्रंथ लिहिला आहे. कसरवाल्याने त्याहून जाड. अकरा वर्षं हे चाललं आहे. या सहामाहीत भोकाची टोकं नव्या यंत्राखाली घालून कायमचा निकाल लावायचा होता, आणि यंत्राच्या आधी माझ्या नजरेने बघून मी काय ते लिहावं अशी चष्मेवालीची इच्छा होती. मुद्दाम ठेवला होता तो यासाठी.

मी भोकच नाहीसं केलं.

सोमवारी सगळे टेबलाभोवती जमले. चष्मेवालीने कोट उलटा केला, सुलटा केला, मग हळूच विचारलं, हा तोच कोट का? मी अभिमानाने म्हटलं, तोच. गोळीवाला ओरडायला लागला. कसरवाला मटकन खुर्चीत बसला. आणि वर्गातली मुलं, मेली, टाळ्या वाजवत होती. चष्मेवालीने कोटाची घडी घातली आणि माझ्याकडे न बघता निघून गेली. तेच मला सगळ्यात लागलं.

आता कागद आला आहे. १ डिसेंबरला चौकशीला हजर व्हायचं. कातरलेली टोकं पुढे ठेवली तर पुरावा शिल्लक आहे असं धरून मला समज देऊन सोडतील. ठेवली नाहीत तर विद्यार्थ्यांच्या यादीतून नाव काढतील आणि घरी पाठवतील. म्हणजे माझं वर्ष आणि माझी पदविका आता तुझ्या दुकानाच्या भिंतीला टाचलेली आहे. कधी नव्हे तो वेळेवर हाल.

बाबांना सांगू नकोस.

आत्या

◆

२८ ऑक्टोबर

ती. आत्या,

नमस्कार. पान सोबत जोडलं आहे. मी त्याला हात लावलेला नाही आणि फुंकर तर मुळीच घातलेली नाही. तुझं पत्र आल्यापासून ते मी कुलपात, जाड वहीत, वर इस्त्री ठेवून अतिशय जपलं होतं. गार इस्त्री. भिंतीला तर टाचलंच नव्हतं.

भोक कशाने पडलं असं तू विचारलं होतंस. मी पुष्कळ विचार केला. माझ्या अल्प बुद्धीप्रमाणे गोळी. टोकं साफ काळी पडली आहेत, भिंगातून तुलाही दिसेल. गोळीवाले साहेब बरोबर आहेत असं माझं नम्र मत. आणि तसंही, कसर म्हटली तर त्या पुढाऱ्याचं कुणाला काय वाटणार? गोळी म्हटली की ऐकणारा हळहळतो, आणि हळहळलेला माणूस नाव वगैरे काढत नाही.

घरी सगळे ठीक. बाबांना सांगितलेलं नाही. दुकान उत्तम चाललं आहे.

तुझा टिल्लू

◆

९ नोव्हेंबर

टिल्लू,

पाकीट परवा आलं. पान बाहेर काढलं. भिंग घ्यावंच लागलं नाही.

पान माझं, अक्षर माझं. डिंक माझा नाही, तुझा अजून बोटाला चिकटतो. कोटाचा धागा हाताने कातलेला होता, कुठे जाड, कुठे बारीक. हा गिरणीतला आहे, एकसारखा. आणि ही करडी लोकर कुठली तेही सांगते. तुझ्या बाबांचा मफलर. तो दोन वर्षांपूर्वी मीच विणला होता. माझ्या बोटांखालून गेलेली लोकर मी ओळखणार नाही असं तुला वाटलं तरी कसं? वर आगकाडीने जाळलास. इतकी निगुतीने एकसारखी जाळलेली टोकं मी आजवर पाहिली नाहीत. हीच निगुती रफूत दाखवली असतीस तर मला मेल्यावर तरी सुख लाभलं असतं.

आता इथलं ऐक. मी धागे मागवले आहेत हे सगळ्यांना कळलं आहे. महिनाभर माझ्याकडे बघून तोंड फिरवणाऱ्या गोळीवाल्याने काल माझ्यासाठी दार उघडून धरलं. ही टोकं मी पुढे केली तर तो ती डोक्यावर घेऊन नाचेल आणि माझ्या केसालाही कुणी धक्का लावणार नाही. म्हणून तुला विचारते आणि खरं उत्तर दे. माझी टोकं कुठे आहेत? जगाच्या पाठीवर कुठेही असली तरी चालतील. केराच्या डब्यात असली तर डबा पाठव.

आणि तुझ्या माहितीसाठी सांगते, ते भोक गोळीचं नव्हतं. कसरीचंही नव्हतं. ते आतून झिजलेलं होतं, बाहेरून नाही. टोकं हळूहळू बारीक होत गेलेली, पायपुसण्याची होतात तशी. आतल्या खिशात काहीतरी टणक वर्षानुवर्षं ठेवलेलं, दिवसातून पन्नासदा काढलेलं, पन्नासदा घातलेलं. आणि मी शिंकले ती धूळ नव्हती. पुढारी तपकीर ओढत होता आणि डबी छातीशी बाळगत होता. सगळी तपकीर मी ब्रशने झाडून टाकली. हे जगात एकट्या मला माहीत आहे, आणि दाखवायला माझ्याजवळ तुझ्या बापाचा मफलर आहे.

लवकर लिही.

आत्या

◆

१९ नोव्हेंबर

आत्या,

आज नमस्कार लिहायचीही लाज वाटते.

तुझी पत्रं लांब असतात. मी पहिलं पान वाचतो, तेवढ्यात गिऱ्हाईक येतं. हे खोटं आहे, गिऱ्हाईक येत नाही, मला कंटाळा येतो. अकरा तारखेचंही पहिलंच पान वाचलं होतं. दोन दिवसांनी टाचायला घेतलं तर शेवटच्या पानावर खाली केरासारखं काहीतरी चिकटलेलं. नखाने खरवडलं आणि झटकलं. त्या दिवशी मी दुकान झाडलंही. वर्षातून एकदा झाडतो, ते नेमकं त्याच दिवशी. मग तुझं दुसरं पत्र आलं, ते शब्दन् शब्द वाचलं. मी दारापासून पार गटारापर्यंत रांगत शोधलं. शिंपीकाकांनी काही न विचारता चष्मा लावला आणि तेही माझ्या शेजारी रांगायला लागले. मिळालं नाही. मग मफलर.

दुकानाचंही सांगून टाकतो. एकही गिऱ्हाईक तक्रार घेऊन परत आलं नाही हे खरं होतं. ती परतच येत नाहीत. वकिलांच्या कोटाला मी हात लावला. तो रफू रस्त्याच्या पलीकडून दिसतो. भर कोर्टात न्यायाधीशांनी त्यांना विचारलं, पाठीला काय चिकटलं आहे? त्या दिवशी वकील दावा हरले आणि त्याचं खापर माझ्या डोक्यावर फुटलं.

तू रागावशील, तरी बोलतो. ती टोकं दाखवून टाक. कुणाला कळणार आहे? फाटलेलं असतं तिथे आपण असं काही घालतो की बघणाऱ्याला वाटावं, इथे काही झालंच नव्हतं. हे तूच मला शिकवलंस. मग यात वेगळं काय आहे? बाबांचं मी बघून घेतो. ते सकाळी मफलर शोधतात तेव्हा मीही त्यांच्याबरोबर शोधतो.

तू नाव कापलं जाऊन परत आलीस तर ते माझ्यामुळे असेल. घरात कुणी मला काही म्हणणार नाही, तूही चार दिवस ओरडून गप्प बसशील, आणि तेच मला सहन होणार नाही. तुला तो कागद किती हवा होता ते माझ्याशिवाय कुणाला माहीत नाही. म्हणून म्हणतो, दाखव.

टिल्लू

◆

३ डिसेंबर

चि. टिल्लू,

आशीर्वाद. हे पत्र शेवटच्या पानापर्यंत वाच.

तुझं पत्र चौकशीच्या दोन दिवस आधी हातात पडलं. खोटं कशाला सांगू, मोह झाला. यात वेगळं काय आहे असं विचारलंस ना? दोन दिवस जेवताना, न्हाताना तेच डोक्यात. शेवटी एवढंच सापडलं की आपल्या गिऱ्हाईकाला भोक होतं हे माहीत असतं. तोच ते घेऊन येतो. बाकीच्या जगाला कळू नये, इतकंच आपण बघतो. इथे गिऱ्हाईकालाच फसवायचं होतं. फरक एवढाच, आणि तो मोठा आहे की लहान हे मला चौकशीच्या खोलीत शिरेपर्यंत ठरवता आलं नव्हतं.

टेबलामागे पाच जण. मोठे साहेब, चष्मेवाली, गोळीवाला, कसरवाला, आणि टिपण घेणारी एक मुलगी, ती सारखी जांभया देत होती. मी तुझं पाकीट टेबलावर ठेवलं. बोलायला तोंड उघडते तोच गोळीवाल्याने ते उचललं आणि भिंग लावलं. अर्धं मिनिट गेलं. त्याचा चेहरा असा फुलला की मला त्याची दयाच आली. म्हणाला, अकरा वर्षं मी हेच सांगतो आहे, ही गोळीने जळलेली टोकं आहेत, आता यंत्राचीही गरज नाही. मोठ्या साहेबांनी मान डोलावली. मुलीने लिहायला घेतलं.

टिल्लू, त्या वेळी मला काहीसुद्धा करायचं नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं. गप्प बसले असते तर पदविका माझी होती. मी चष्मेवालीकडे बघितलं. ती टोकांकडे बघतच नव्हती, माझ्याकडे बघत होती.

मी म्हटलं, "ती आगकाडी आहे, साहेब. माझ्या भाच्याने माझ्या काळजीने जाळली. खरी टोकं हरवली. त्याला बोल लावू नका. ते भोक मी बुजवायला नको होतं."

मुलीची जांभई अर्ध्यातच थांबली. कसरवाला इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं. मी त्यालाही सांगितलं, तुम्ही हसू नका, कसरसुद्धा नव्हती. मग तपकिरीचं सांगितलं, आतून झिजलेलं कसं ओळखायचं ते सांगितलं. त्यांनी पुरावा मागितला. मी म्हटलं, तोच तर मी झाडून टाकला. तेव्हा अकरा वर्षं एकमेकांशी न बोललेले ते दोघे एकमेकांकडे वळले आणि या बाईला काढलीच पाहिजे यावर त्यांचं एकमत झालं. माझ्या हातून तेवढं एक पुण्याचं काम घडलं.

नाव काढलं. तीन महिन्यांत परदेशातून हाकलून दिलेली आपल्या घराण्यातली मी पहिलीच. १९ तारखेला पोचते. बाबांना तूच सांग, मफलरासकट. आणि वकिलांकडे स्वतः जा, कोट मी बिघडवला असं तोंडाने म्हण आणि तो परत मागून आण. आले की दोघं बसून उसवू. ते काही बोलतील ते ऐकून घे, मी ऐकलं, मेले नाही.

आता कोटाचं. काल सामान बांधत होते, तर चष्मेवालीने कामाच्या खोलीत बोलावलं. इथे प्रत्येक कपड्याचं एक कार्ड असतं. कुणी, कधी, काय केलं ते त्यावर लिहायचं, आणि ते कार्ड कपड्याबरोबर कायमचं कपाटात जातं. त्यात एक रकाना दुरुस्तीच्या जागेचा होता. तिला जागाच सापडत नव्हती. दोन दिवस भिंग झालं, यंत्र झालं, मुलं लावून झाली. मी कोट खिडकीपाशी नेला. मलासुद्धा पाव तास लागला. मग तिचं बोट धरून तिथे ठेवलं. बावीस वर्षांत माझा रफू मी कुणाला असा दाखवला नव्हता. ती बराच वेळ तिथून बोट हलवेना.

मग म्हणाली, "हे कार्ड तुम्हीच लिहा. तपकिरीचंही लिहा. कोण काय म्हणतं ते मी बघते."

मी लिहिलं. टोकं कशी होती, मी काय कातरलं, कुठल्या शिवणीतून किती धागे काढले, काय झाडून टाकलं, खरी टोकं कशी हरवली. दोन्ही बाजू भरल्या, आणखी एक कार्ड जोडावं लागलं. या लोकांनी तीन महिने फडक्यांवर जे लिहून घेतलं त्याचा मी इतका राग केला, पण त्याच्यामुळेच लिहिता आलं. अगदी खाली रकाना होता, काम करणाऱ्याचं नाव. मी माझं पूर्ण नाव लिहिलं, बापाच्या नावासकट, सावकाश, आणि लिहिताना भोकाड पसरून रडले. चष्मेवालीने कार्ड ओलं होऊ नये म्हणून बाजूला ओढलं आणि मग मला जवळ घेतलं.

आणखी शंभर वर्षांनी कुणीतरी तो कोट बाहेर काढेल. त्याला आधी माझं नाव दिसेल, मग माझा गाढवपणा वाचायला मिळेल, आणि मग तो दिवसभर रफू शोधत बसेल.

तुझी आत्या